शिक्षकाला शाळेत जागा कोठे आहे?

(जालना येथे शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांतून शिक्षणावर भाषणे पुष्कळ होतात. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, राखीव जागा यांवर आपण बोलतो आणि ते योग्यच आहे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शाळेची इमारत बांधताना तीत शिक्षकासाठी जागा कोणती ठेवली जाते, एवढाच माझा प्रश्न आहे. शिक्षकाने बसावे कोठे, पाणी प्यावे कोठे, डबा खावा कोठे, वह्या तपासाव्यात कोठे आणि शिक्षिकेने शौचास जावे कोठे, असे हे साधे प्रश्न आहेत. परंतु ज्या समाजाने 1927 साली महाडच्या तळ्यावर पाण्याच्या एका ओंजळीसाठी सत्याग्रह केला, त्या समाजाने तरी जागेचा आणि पाण्याचा प्रश्न क्षुल्लक मानता कामा नये.

आपला जालना जिल्हा 1981 साली स्वतंत्र झाला. त्याच्या आठ तालुक्यांतील एखाद्या लहान खेड्यातील प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन किंवा तीन खोल्या, त्यांच्यापुढे ओसरी, बाजूला पोषण आहार शिजविण्याची खोली, मागे मुलामुलींची शौचालये. एका खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि टेबल. कपाटात हजेरीपट, दाखल्यांची रजिस्टरे आणि आहाराच्या नोंदवह्या. टेबलाशेजारी तांदळाची पोती. याला कार्यालय म्हणतात. मुख्याध्यापक तेथे बसतात असे म्हणावे, तर ते स्वतःच दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवीत असतात. मधल्या सुट्टीत शिक्षक ओसरीच्या कडेला, झाडाखाली, नाहीतर मुले बाहेर गेलेल्या वर्गात डबा उघडतो. वह्या तो घरी नेतो. उद्याच्या पाठाची तयारी करावयाची तर त्याला शाळेत स्वतंत्र टेबल नाही, पुस्तक ठेवण्यास कप्पा नाही, आणि काही शाळांतून तर बसावयास धड खुर्चीही नाही.

हा दोष एखाद्या सरपंचाचा किंवा एखाद्या अभियंत्याचा आहे असे मी म्हणत नाही. तो आपल्या विचारातच आहे, आणि कायद्याच्या मजकुरातही तो उतरला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. हा कायदा मोठ्या मोलाचा आहे. आपल्या मुलांना त्याने शाळेवर हक्क दिला. त्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत कशी असावी हे सांगितले आहे. ऊन, पाऊस व थंडी यांपासून रक्षण करणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांची मिळून एक खोली, अडथळ्यावाचून आत येण्याची सोय, मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालये, पिण्याचे शुद्ध पाणी, स्वयंपाकाची खोली, क्रीडांगण आणि कुंपण. ही यादी पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहा. तीत शिक्षकांच्या बसण्याची खोली नाही. शिक्षक-शिक्षिकांच्या शौचालयाचा उल्लेख नाही. तांदळाच्या पोत्याला त्या यादीत जागा आहे. शिक्षकाच्या डब्याला नाही.

त्याच अनुसूचीत आणखी एक कलम आहे. शिक्षकाने आठवड्यास किमान पंचेचाळीस तास काम करावे आणि त्या तासांत पाठाच्या तयारीचा वेळ धरावा, असे ते सांगते. म्हणजे तयारी हे शिक्षकाचे काम आहे, ते पगारी काम आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. परंतु ती तयारी कोणत्या जागी करावयाची याची तरतूद मात्र केलेली नाही. वर्गखोली ही शिक्षकाचीच जागा आहे, असे यावर कोणी म्हणेल. वर्ग ही शिकविण्याची जागा आहे. चाळीस मुले समोर असताना तेथे वाचन होत नाही, तपासणी होत नाही आणि विसावाही मिळत नाही. गवंड्याला आपण तास मोजून कामावर लावतो तेव्हा त्याला ओळंबा आणि थापी देतो; शिक्षकाला तास दिले आणि टेबल दिले नाही.

येथवर मी जे सांगितले ते कोणत्याही जातीच्या शिक्षकास लागू आहे. आता आपल्या दृष्टीने त्याचा विचार करू.

माठाचा इतिहास

शाळेतील जागा आणि पाणी यांचा इतिहास आपल्याला बाबासाहेबांच्या चरित्रातून ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि ती विद्यार्थ्याची गोष्ट म्हणून सांगतो. परंतु पुढची गोष्ट शिक्षकाची आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. 1918 साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान शासकीय महाविद्यालयात शिकवू लागला, विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकण्यास गर्दी करू लागले. आणि प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी त्यांनी पिण्यास त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्यासपीठावर उभे राहून शिकविण्यास कोणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती व्यासपीठावरून खाली उतरल्यावर, जेथे माणूस माणसाशेजारी बसतो, पाणी पितो आणि डबा उघडतो, त्या जागी. नोकरी कायद्याने मिळते. पण शेजार कायद्याने आपोआप मिळत नाही. म्हणून शिक्षकांची खोली ही जातीच्या कसोटीची जागा आहे.

आता ज्या शाळेत अशी खोलीच नाही तेथे काय होते? मी स्वतः जेव्हा प्रथम एका खेड्यातील शाळेत रुजू झालो तेव्हाची गोष्ट सांगतो. शाळेत शिक्षकांना एकत्र बसण्याची जागा नव्हती. मधल्या सुट्टीत तिघे सहकारी गावातील एकाच्या ओळखीच्या घरी जेवावयास जात. मला कोणी येऊ नका म्हटले नाही. या असेही म्हटले नाही. मी वर्गात बसून डबा खाई. तक्रार कोणाविरुद्ध आणि कशाची करणार? मला शाळेतून कोणी उठविले नव्हते. जेथे बसावयाचे ती जागा शाळेच्या बाहेर गेली होती, आणि शाळेबाहेर माझा हक्क चालत नव्हता. पुढे दुसऱ्या शाळेत ओसरीचा एक भाग भिंत घालून बंद करून घेतला, त्यात एक लांब टेबल आले, आणि सर्वांचे डबे त्या एका टेबलावर उघडू लागले. पहिले काही दिवस अवघडलेपणाचे गेले. नंतर चटणी कोणाच्या डब्यातली चांगली यावर बोलणे होऊ लागले. माणसे एकाएकी बदलली असे मी म्हणणार नाही. परंतु टेबल एकच असल्यामुळे वेगळे बसावयाचे तर कोणाला तरी उठून जावे लागे, आणि तसे उठून जाण्याची लाज त्यांच्या वाट्याला येई. पूर्वी एकटे बसण्याची लाज माझ्या वाट्याला येत असे. एवढे काम एका भिंतीने आणि एका टेबलाने केले.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु ती जेथे आडोशाला लपून राहते ते आडोसे बांधकामातही असतात. माठात भांडे बुडवून पाणी घ्यावे लागते तेथे भांडे कोणी धरावे हा प्रश्न उभा राहतो. उंचावर टाकी आणि खाली नळ असला म्हणजे तो प्रश्नच उद्भवत नाही. इमारतीचा नकाशा काढणारा माणूस जातीचा विचार करीत नसेल, पण त्याच्या रेघांमुळे जातीला सोय होते किंवा अडचण होते.

शिक्षिकांचा प्रश्न

आता भगिनींचा प्रश्न घेऊ. 1848 साली पुण्यात सावित्रीबाई फुले शिकवावयास जात तेव्हा वाटेत त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत, हे आपण सर्वजण सांगतो. ते लुगडे बदलण्यास शाळेत आडोसा लागत असेल, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आज शेण फेकणारे हात थांबले आहेत. आडोशाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. शिक्षिकांसाठी स्वतंत्र शौचालय नसले तर त्यांना मुलींचे शौचालय वापरावे लागते, आणि त्यात पाणी नसले तर तेही बंद असते. पाणी कमी प्यावे आणि घरी जाईपर्यंत थांबावे, असा नियम कित्येक शिक्षिकांनी स्वतःवर घालून घेतला आहे. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात हे कोणीही डॉक्टर सांगेल. मासिक पाळीच्या दिवसांत काय हाल होतात ते मी पुरुषाने सांगण्याची आवश्यकता नाही. आपण आपल्या घरातील शिक्षिकेस विचारावे.

हा जिल्हा पाण्याच्या टंचाईचा आहे. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो, आणि 2012-13 साली जालन्याने टँकरच्या रांगा पाहिल्या. म्हणून येथे शौचालय बांधले एवढ्याने काम होत नाही. छपरावरचे पावसाचे पाणी साठविणारी टाकी आणि शौचालयापर्यंत नळ, हे दोन्ही त्याच अंदाजपत्रकात धरले पाहिजे. ज्या शौचालयाला पाणी नाही ते केवळ कागदावरचे शौचालय होय.

तान्हे मूल घरी ठेवून कामावर परतलेल्या मातेचाही विचार करा. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेला कामाच्या वेळात स्तनपानासाठी दोनदा विराम मिळावा, हे तत्त्व आपल्या देशाने 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात मान्य केले. ते तत्त्व शाळेत आणावयाचे तर दार लावून घेता येईल अशी खोली हवी. खोलीवाचून विराम हा शब्द पोकळ आहे.

बाबासाहेबांनी घालून दिलेला पाठ

कामाच्या जागेचा विचार हा बाबासाहेबांच्या राजकारणाचा एक मोठा भाग होता. 1928 साली मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास त्यांनी जोराने पाठिंबा दिला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा प्रश्न त्यांनी तेथेही हाती घेतला. पुढे संविधानाच्या बेचाळिसाव्या अनुच्छेदात कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी आणि प्रसूतिसाहाय्य मिळावे, हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. 1948 च्या कारखाना कायद्याने तर पिण्याचे पाणी, स्त्रीपुरुषांसाठी वेगळी शौचालये, उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय, आणि दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतीची व जेवणाची खोली, अशा तरतुदी केल्या. कारखान्यात जे तत्त्व इतक्या वर्षांपूर्वी मान्य झाले ते शाळेत अजून यावयाचे आहे. शिक्षकही दिवसभर उभ्याने काम करतो. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो तेव्हा तोही तापतो.

1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीच्या कामात बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले, आणि त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा होता आणि नागसेन उत्तर देणारा. त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्नकर्त्याचे नाव विद्यालयाला आणि उत्तरदात्याचे नाव वनाला, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. विद्या या दोघांच्या भेटीतून निर्माण होते. मग विद्येचे घर बांधताना एकाचीच गरज मोजून कसे चालेल?

आपल्या धम्माची परंपराही हेच सांगते. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतील माणसे धम्माच्या वास्तूंसाठी दान देत होती. जवळच अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील विहार पाहताना आपण चित्रे पाहतो. थोडे त्याच्या नकाशाकडे पाहा. मध्ये सर्वांनी एकत्र येण्याचे दालन, भोवती भिक्षूंच्या लहान कोठड्या, काहींत दगडी ओटे. डोंगर कोरून काढताना हाताचा प्रत्येक घाव मोलाचा असतो. तरीही अभ्यास करणाऱ्यास आणि शिकविणाऱ्यास एकांताची जागा लागते, हे त्या कारागिरांनी सोडले नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शयनासनासंबंधीचे एक प्रकरण आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्षूंना विचारतात की, पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिले अन्न कोणास मिळावे? कोणी म्हणतो क्षत्रिय कुळातून आलेल्यास, कोणी म्हणतो ब्राह्मण कुळातून आलेल्यास. भगवान ही उत्तरे स्वीकारीत नाहीत आणि संघात जो आधी आला त्याला ज्येष्ठतेने मान द्यावा असा नियम घालून देतात. आसन, पाणी आणि अन्न! शिक्षकांच्या खोलीचा सारा प्रश्न या तीन शब्दांत आहे, आणि संघाने तो जातीवाचून सोडविला होता.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांना वर्ग पुरत नाहीत तेथे शिक्षकांसाठी खोली मागणे हा स्वार्थ आहे. मुलांच्या वर्गातील एक इंचही शिक्षकाने घेऊ नये, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु ज्या शिक्षिकेने दिवसभर पाणी टाळले आहे, ज्या शिक्षकाने वह्या पिशवीत भरून एस. टी.त उभ्याने नेल्या आहेत, त्यांच्या थकव्याची किंमत शेवटी मूलच देते. आणि ते मूल बहुधा आपले असते, कारण सधनांची मुले खेड्यातील शाळा सोडून केव्हाच शहरात गेली आहेत.

दुसरा आक्षेप असा की, खोली दिली तर शिक्षक तेथे गप्पा मारीत बसतील. या आक्षेपाला उत्तर देण्याची जबाबदारी माझ्या शिक्षक बंधूंवर आहे. त्या खोलीत तास बुडवून बसणारा शिक्षक आपल्या मागणीचा शत्रू आहे, आणि तसे त्याला तोंडावर सांगण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा. माझी मागणी मोठी नाही. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली. ओसरीचा एक टोकाचा भाग बंद करूनही ती होते. खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा खेळेल. एकच लांब टेबल आणि सर्वांना सारख्या खुर्च्या. प्रत्येकास कुलपाचा एक कप्पा. आतून बंद होणारे दार. उंच टाकीचा नळ सर्वांसाठी एक. शिक्षिकांसाठी आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र शौचालय, त्यात पाणी. धान्याची पोती स्वतंत्र जागी. नवीन इमारत होत असेल तर हे सर्व नकाशातच दाखविले पाहिजे. भिंती उभ्या राहिल्यावर मागणे करणे महाग पडते.

मार्ग

हे कोणी आपण होऊन देणार नाही. परंतु मार्ग कायद्यातच आहे. 2009 च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. बाविसाव्या कलमाप्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते आणि त्यावरूनच शासनाच्या योजना व अनुदाने ठरावयाची असतात. आपले कित्येक पालक या समितीवर आहेत. त्यांना बैठकीची सूचना मिळते, ते अंगठा किंवा सही करून परत येतात. यापुढे तसे करू नका. आराखडा वाचून घ्या. त्यात शिक्षकांची खोली, पाणी आणि शौचालय यांची नोंद आहे काय ते विचारा. नसल्यास ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहवून घ्या, आणि त्याची प्रत पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्याकडे पाठवा. जिल्हा परिषदेचा अभियंता नकाशा घेऊन गावात येईल तेव्हा शिक्षिकांना त्याच्यासमोर बसवा आणि त्यांचे म्हणणे त्याला ऐकवा. ज्याला त्या इमारतीत तीस वर्षे काम करावयाचे आहे त्यास विचारल्याशिवाय नकाशा पक्का होता कामा नये.

शिक्षकांना माझे एकच सांगणे आहे. खोली मिळाली म्हणजे तिच्या दारात जात थांबली पाहिजे. त्या टेबलावर आपल्या माणसास शेवटची खुर्ची आली तर तेथेच बोला. आणि उद्या मांग, भटका, मुसलमान किंवा आणखी कोणी एकटा सहकारी तेथे आला आणि तुमच्या संख्येमुळे तो बाजूला पडू लागला, तर त्याच्यासाठी आधी तुम्ही उठा. 1956 साली नागपूरला आपण जो धम्म स्वीकारला त्याची परीक्षा विहारात होते तशी डबा उघडण्याच्या वेळीही होते.

येत्या महिन्यात आपापल्या गावच्या समितीची बैठक कधी आहे याची चौकशी करूनच आपण येथून घरी जावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम!